तेल मागनं

अंग चोळायचं म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढं आधी तेल येतं. कुठलं तेल, किती तेल, कुणाचा हात. आमचे वस्ताद म्हणायचे, "तेल मागनं. तेल सगळ्यात मागनं." मी दहावीपर्यंत शिकलो, पुढं जन्मभर शेती केली आणि शेतीच्या जोडीनं गावातल्या माणसांच्या पाठी-कंबरा चोळत आलो. धंदा म्हणून नाही. कुणाचा एक पैसा घेतला नाही. वस्तादांनी हातात घातलेली विद्या होती, ती कुणाच्या तरी अंगावर उतरवायची एवढंच.

आमचा खानापूर तालुका. तेव्हाचा ज्वारी, करडई आणि मटकीचा मुलूख. पाऊस आमच्याकडं पाव्हण्यासारखा यायचा, टेकला न टेकला की उठायचा. अशा मुलखात अंगाला तेल लावणं ही चैनच. जन्मलेल्या पोराला लावायचं, बाळंतिणीला लावायचं आणि मग एकदम दिवाळीच्या पहाटे. मधल्या काळात तेल कालवणाला पुरलं तरी आई देवाचे उपकार मानायची.

पण गावात एक जागा अशी होती की जिथं रोज तेलाचा वास यायचा. मारुतीच्या देवळामागं तालीम होती. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, दार एवढं बुटकं की आत जाताना मोठा पैलवान असला तरी वाकावं लागायचं. आत हौदा, तांबड्या मातीचा. त्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालून वस्ताद ती स्वतः मळायचे. कोल्हापूरला शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान 1912 साली उभं राहिलं, त्याचं वारं आमच्या सांगली-साताऱ्याच्या खेड्यापाड्यांपर्यंत आलं होतं. त्यात 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी ब्राँझ पदक मिळवलं. ते कराडजवळच्या गोळेश्वरचे. म्हणजे आमच्या अंगणातलेच. मग काय, ज्या गावात प्यायला पाणी नाही त्या गावातही तालीम असायची.

वस्ताद तेव्हा पन्नाशीचे असतील. कान मोडलेले, मान बैलासारखी, पण बोलणं एवढं हळू की ऐकायला पुढं सरकावं लागायचं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आबांनी, म्हणजे वडलांनी, मला त्यांच्या हवाली केलं. पहाटे चारला उठायचं. लंगोट कसायचा, मातीला हात लावून कपाळाला लावायचा आणि खोरं घ्यायचं. आधी हौद्यातली सगळी माती उकरायची, मग जोर, बैठका, मग लढत. लढत झाली की अंगावर माती ओढून भिंतीला टेकून बसायचं. घाम निथळून जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही. चोळणं असलं तर ते त्याच्यानंतर.

मला सुरुवातीला वाटायचं, माती उकरायचं काम पोरांकडून फुकटात करून घेतात. एक दिवस विचारलंच. वस्ताद म्हणाले, "माती भुसभुशीत व्हावी म्हणून उकरायची, हे अर्धंच खरं. उकरता उकरता तुझं अंग बी भुसभुशीत होतं. गार अंगानं हौद्यात उतरलास तर मोडशील. आन् गार अंगावर तेल चोळून घेतलंस तरी मोडशील. गार तव्यावर भाकरी टाकली तर काय हुतं?"

"चिकटती."

"मग? आधी तवा."

ते एकदा डोळ्यांनीही बघितलं. शेजारच्या गावच्या जत्रेतली कुस्ती धरलेला एक थोरला पठ्ठा थंडीत उशिरा आला. खांदा आखडलाय, जरा दाबून द्या म्हणून दुसऱ्या पैलवानापुढं तसाच पालथा पडला. वस्ताद बाहेर गेले होते. त्या दुसऱ्यानं जीव लावून कोपरानं खांदा रगडला. जेवढं रगडावं तेवढा खांदा आवळून यायला लागला. आठ दिवस त्या पोराला डोक्यावर हात नेता आला नाही. कुस्ती गेली. वस्तादांनी कुणाला शिवी दिली नाही. पोरांना फक्त एवढंच सांगितलं, की दुखऱ्या जागेवर अचानक जोर आला की अंग आपली राखण करतं, मूठ वळावी तसं वळतं. वळलेल्या मुठीत तेल शिरत नाही.

हे झालं अंग तापवायचं. पण वस्तादांचा अर्धा कायदा मनाचा होता. कोण पोरगं घरून भांडून आलंय, कुणाला बापानं मारलंय, कुणाला उद्याच्या जोडीची भीती वाटतीय, हे त्यांना पोरगं वाकून दारातून आत येताना कळायचं. अशाला ते लढतीला घेत नसत आणि चोळायलाही घेत नसत. भिंतीला पाठ लावून बसवायचे. "नाकानं घे, तोंडानं सोड. घेताना मोजू नगो, सोडताना मोज." बस एवढंच. मोजता मोजता सोडायचा श्वास आपोआप लांबायचा. दहा-पंधरा मिनिटांनी ते जवळ येऊन त्याच्या दोन्ही खांद्यांवर नुसते हात ठेवायचे. खांदे कानापाशी चढलेले असतील तर परत बसवायचे. खाली उतरलेले असतील तर म्हणायचे, "चल, आता पड घोंगड्यावर."

यात नवल असं काही नव्हतं. हीच रीत आम्ही शेतकरी माणसं जनावराच्या बाबतीत बिनचूक पाळत होतो. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा घट्ट झालेला, घट्टे पडलेले. त्या दिवशी बैल जुंपत नाहीत. आबा सकाळी बैलांना ओढ्याला नेऊन सावकाश हिंडवून आणायचे. मग गोठ्यात नाही, अंगणात लिंबाखाली बांधायचे. लगेच खांद्याला हात घालायचे नाहीत. आधी गळ्याची पोळी खाजवायची, कानामागं खाजवायचं, नाव घेऊन काहीतरी पुटपुटत राहायचं. बैलानं मान लांब केली, डोळे अर्धे मिटले, रवंथ सुरू केलं, की मग कढत पाण्यात फडकं बुडवून खांदा शेकायचा. शेकून शेकून कातडं मऊ झालं की हळद आणि लोणी. तेही बोटांनी नाही, सगळ्या तळहातानं. आबांचा हात खांद्यावर फिरायला लागला की आमचा खिल्लारी बैल आपणहून त्यांच्याकडं रेलायचा. चार-पाच क्विंटलचं जनावर, पण असं रेलायचं की जणू मांडीवर घ्या म्हणतंय.

रवंथ सुरू झाल्याशिवाय हात घालायचा नाही, हे आबांना ठाऊक होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

1972 सालचा दुष्काळ आला. आमच्या पिढीला त्याच्याविषयी सांगायला लागत नाही आणि पुढच्या पिढीला सांगून पटत नाही. विहिरी तळाला गेल्या. रेशनवर परदेशातली लाल मिलो आली, तिच्या भाकरीचा घास घशात फिरायचा. पोरांना कामावर सुकडी मिळायची. तालीम बंद पडली, कारण खुराकाला दाणा नाही तर मेहनत कसल्या जोरावर करणार? गावच्या गाव दुष्काळी कामावर गेलं. कुणी पाझर तलावाच्या मातीवर, कुणी खडी फोडायला. वस्ताद आणि आबा दोघंही एकाच ढिगावर खडी फोडत होते.

वैरण संपली तेव्हा आबांनी बैलजोडी पौषातल्या खरसुंडीच्या यात्रेत नेली. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, ते परत आणतात. आबा दुसऱ्या दिवशी रात्री चालत घरी आले. दोन्ही दावी हातात होती. ती त्यांनी खुंटीला अडकवली, तांब्याभर पाणी प्यायले आणि पटकुरावर पडले. बाजार कसा झाला हे आईनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सकाळी उठून खडीवर गेले.

पुढं उन्हाळ्यात एका संध्याकाळी आबांना ढिगावरून उठताच येईना. बसले तसे बसूनच राहिले. दोघांनी काखेत हात घालून घरी आणलं. पाठ दगडासारखी झालेली. श्वास घेतला तरी कळ यायची. आईनं चुलीच्या वैलावर करडईच्या तेलाची वाटी ठेवली. घरात होतं नव्हतं तेवढं तेल तिनं त्या वाटीत ओतलं होतं. मी वस्तादांना बोलवायला पळालो.

ते आले. त्यांनी आधी पायाची बोटं हलवायला लावली, मुंग्या येतात का, लघवीला अडचण आहे का, हे विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांच्या तोंडावर जरा बरं वाटल्यासारखं झालं. मग म्हणाले, "वाटी खाली उतरव वहिनी. आज तेल न्हाई."

त्या दिवशी त्यांनी फक्त वीट तापवून, फडक्यात गुंडाळून आबांच्या तळपायांना आणि कमरेला शेक दिला. दुसऱ्या दिवशी निर्गुडीचा पाला उकळून त्या पाण्याचा शेक दिला आणि आबांना हाताला धरून अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. म्हाताऱ्या माणसासारखं, पाऊलभर पाऊल. भिंतीला हात टेकवून खांदे फिरवायला लावले. आई वाटी घेऊन उभी. वस्ताद मान हलवायचे. पाठ तापत होती, पण सुटत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आबा घोंगड्यावर पालथे पडले होते. वस्ताद शेजारी मांडी घालून बसले. आबांच्या पाठीवर त्यांचा तळहात, नुसता ठेवलेला. बराच वेळ तसाच. मी दारात बसलो होतो. मग ते हळूच म्हणाले, "गड्या, मूठ सोड."

तेव्हा मी बघितलं. आबांची उजवी मूठ वळलेली होती. अंगठा आत, बोटं वर, घट्ट.

"सोडलीय की," आबा म्हणाले.

"न्हाई सोडलीस. बघ तुझी तूच."

आबांनी मान वळवून आपल्याच हाताकडं बघितलं. दुसऱ्याचा हात असल्यासारखं. बोटं उघडायला गेले, अर्धी उघडली, परत मिटली.

वस्तादांनी विचारलं, "धाकट्यानं मागं वळून बघितलं व्हय रं?"

आमच्या जोडीतला धाकटा बैल आबांनी वासरापासून वाढवलेला. त्याचं नाव न घेता वस्तादांनी ते विचारलं. आबा काही बोलले नाहीत. मग त्यांचे खांदे हलायला लागले. माझ्या आयुष्यात मी आबांना तेव्हाच एकदा रडताना बघितलं. तोंड घोंगड्यात खुपसून, आवाज न करता. मधे मधे तुटक तुटक बोलले. गिऱ्हाइकानं त्याला नव्या दाव्यानं बांधलं, तो चार पावलं गेला आणि थांबला, मागं वळून बघत राहिला, त्यांनी त्याला चाबूक मारला. एवढंच. पाच-सहा महिने पोटात ठेवलेली गोष्ट पाच-सहा वाक्यांची होती.

वस्तादांनी "रडू नको" म्हटलं नाही. पाठीवरचा हात उचलला नाही की हलवला नाही. आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली. आबांचं सगळं बोलून झालं, श्वास लांब यायला लागला, तेव्हा ते मला म्हणाले, "पोरा, मूठ बघ आता." आबांचा हात घोंगड्यावर पालथा पडला होता, बोटं पसरून, झोपलेल्या पोराच्या हातासारखा.

त्या दिवशीही तेल लावलं नाही. "आज लई काम झालं," म्हणाले, "आज निजू दे." चौथ्या दिवशी त्यांनी वाटी मागितली. ती गरम पाण्याच्या तपेलीत ठेवून कोमट केली, आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघितला, दोन्ही तळहात एकमेकांवर घासून तापवले आणि मग आबांच्या पाठीला लावले. अर्धी वाटीसुद्धा तेल लागलं नाही. आबा चोळता चोळता झोपले ते दिवस मावळता उठले. आठवड्याभरात कामावर गेले. मला तेव्हा बारावं वर्ष होतं. कुस्ती माझ्या हातून पुढं फार काही झाली नाही, पण चोळायचं शिकायचं हे मी त्या दिवसात ठरवलं.

नंतर मी वस्तादांच्या हाताखाली दहाएक वर्षं होतो. त्यांची रीत मी मनात अशी पाठ केलीय: आलेल्या माणसाला आधी बसवायचं, पाणी द्यायचं. काय दुखतं ते विचारायच्या आधी आज काय काम केलं ते विचारायचं. बोलत असेल तर बोलू द्यायचं. मग थोडं चालवायचं, खांदे, मान, कंबर सावकाश फिरवायला लावायची, कळ येईल तिथं थांबायचं. दिवसभर राबून आलेल्या माणसाला व्यायाम लागत नाही, त्याला शेक लागतो. दिवसभर बसून आलेल्याला उलटं, त्याला आधी हालचाल. तळपाय गार असतील तर तेलाचं नावच काढायचं नाही, पाय कोमट पाण्यात. पालथं पडल्यावर नुसता हात ठेवून त्याचे वीस श्वास आपण मोजायचे. सोडलेला श्वास लांबला, जबडा सैल झाला, हाताची बोटं उघडली, की तेल.

किती नाही म्हणायचं हेही त्यांनीच शिकवलं. अंगात ताप असताना चोळायचं नाही. भरल्या पोटी नाही. ताज्या मारावर, सुजेवर नाही. एकदा एक गडी एकच पोटरी धरून आला. ती पोटरी दुसरीपेक्षा जाड झालेली, गरम लागत होती, लाल दिसत होती. खूप दाबून द्या म्हणत होता. वस्तादांनी बोटही लावलं नाही, गाडीत बसवून तालुक्याला डॉक्टरकडं धाडलं. शिरेत रक्ताची गाठ झाली होती. ती चोळली असती तर सुटून फुप्फुसात गेली असती, जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून अशी पोटरी दिसली की माझे हात आपोआप मागं जातात.

पुढं विट्यातल्या एका वैद्यांशी ओळख झाली. त्यांना ही रीत सांगितली तर ते हसले. म्हणाले, वाग्भटानं अष्टांगहृदयात दिनचर्या सांगितलीय, तिच्यात व्यायाम झाल्यावर सगळं अंग सोसेल असं चोळावं, असं लिहिलंय. अजीर्ण झालेल्यानं आणि कफ वाढलेल्यानं अभ्यंग करू नये, हेही तिथंच आहे. आमच्या वस्तादांना धड सहीसुद्धा येत नव्हती. मी वैद्यांना विचारलं, पण पंचकर्मात तर आधी तेल आणि मग वाफ? ते म्हणाले, तिथलं काम वेगळं असतं. पोटातले दोष सैल करून बाहेर काढायचे असतात, म्हणून आधी स्नेहन, मग स्वेदन. तुमचं काम आखडलेल्या स्नायूचं आहे. कुलूप वेगळं, किल्ली वेगळी. फिजिओथेरपी करणाऱ्या एका बाईंनी आणखी एक गाठ सोडवली. स्नायू तापला की त्यात रक्त जास्त फिरतं आणि तो जास्त ताणला जातो. श्वास सोडताना काळजाचा ठोका जरा हळू पडतो, म्हणून सोडायचा श्वास लांबवला की अंगाला "आता धोका नाही" असा निरोप जातो. वस्ताद "सोडताना मोज" म्हणायचे त्याची मेख मला साठीच्या उंबऱ्यावर कळली.

माझी साठी झाली तेव्हा पुण्याच्या लेकीनं एक भेट दिली. कार्ड होतं. "अण्णा, एक तासाचा मसाज आहे स्पामध्ये. आयुष्यभर दुसऱ्यांना चोळलंत, एकदा स्वतःला चोळून घ्या." मला हसू आलं, पण पोरीचं मन मोडवेना. विट्याहून एसटीनं पाच तास, मग स्वारगेटहून जावयाच्या गाडीवर मागं बसून, गर्दीतून, हॉर्न ऐकत. पोचलो तेव्हा वेळ होत आली होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, लगेच आत या काका, तुमचा स्लॉट सुरू झालाय. आत एसी एवढा की अंगावर काटा आला. कमरेत प्रवासाची कळ, कानात गाडीचा आवाज, तळपाय गार. वस्तादांनी मला त्या दिवशी दारातनंच परत धाडलं असतं.

मसाज करणारा पोरगा मणिपूरचा होता, पंचविशीतला. मी माझ्या हिंदीत त्याला म्हटलं, "बेटा, दस मिनट दे मेरेको. तेल बाद में." तो जरा गोंधळला, पण पोरगा समजूतदार. त्यानं एसी कमी केला. मी तिथंच उभं राहून खांदे फिरवले, भिंतीला हात टेकवून पाच-सात अर्ध्या बैठका काढल्या, कंबर हळूहळू वळवली. तो बघत राहिला, मग माझ्याबरोबर खांदे फिरवायला लागला. म्हणाला, सकाळपासून सहावा माणूस आहे, माझेच खांदे भरून आलेत. दोघंही हसलो. मग तो बाहेर जाऊन कोमट पाण्याची परात घेऊन आला, त्यात मीठ टाकलेलं. माझे पाय त्यात सोडायला लावून खाली बसला. मला अवघडल्यासारखं झालं, आपले पाय दुसऱ्यानं धुवायचे म्हणजे. पण पाण्यात पाय तापत गेले तसा मीच सैल होत गेलो.

पालथा पडलो. त्यानं पाठीवर टॉवेल घातला आणि त्याच्यावरून दोन्ही हात ठेवले. हलवले नाहीत. मी मनात मोजायला लागलो. अकराव्या की बाराव्या श्वासाला त्यानं हळूच टॉवेल बाजूला केला. मी विचारलं, "ये किसने सिखाया?" म्हणाला, ट्रेनिंगमध्ये शिकवतात, आधी गेस्टचा श्वास बघायचा. पण रोज एवढी माणसं असतात की एवढा वेळ कुणाला द्यायला मिळत नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. विद्या तिथंही होती, उसंत नव्हती. त्या पोराचा हात चांगला होता. तासातली दहा-पंधरा मिनिटं तेलाआधी गेली, उरलेल्या वेळात माझी कंबर मोकळी झाली. निघताना मी त्याला पाठीमागनं खांद्याखाली अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं आणि त्याचेच खांदे दोन मिनिटं धरले. पहिल्यांदा ते कानापाशी होते.

लेकीला सगळं सांगितलं. ती कॉम्प्युटरवर दहा-दहा तास बसते, मान धरते, रात्री झोप येत नाही. तीही अशा ठिकाणी जाते, पण म्हणाली, "अण्णा, तिथं पडल्या पडल्या माझ्या डोक्यात मीटिंगच चालू असते. बाहेर आले की परत तेच." मी तिला म्हटलं, तू तिथं अर्धा तास आधी जा. गाडी लांब लाव आणि उरलेलं चाल. फोन बंद करून पर्समध्ये टाक. पोट भरलेलं नको, उपाशीही नको. खांदे, मान, मनगटं फिरव. पाय गरम करून माग, पैसे देतेस, लाजायचं नाही. आणि जे डोक्यात चाललंय ते कुणापाशी तरी आधी बोल. कुणी नसलं तर कागदावर लिही आणि कागद बाहेर ठेवून आत जा.

"आणि एवढं करूनही डोकं थांबलं नाही तर?"

"तर त्या दिवशी तेल लावायचं नाही. घरी यायचं. मूठ आहे ती, पोरी. तिला ताकदीनं उघडता येत नाही."

ती हसली नाही. आपल्या हाताकडं बघत बसली. मग बऱ्याच वेळानं ऑफिसातलं काहीबाही सांगायला लागली. मी नुसता ऐकत बसलो. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, कळायची गरजही नव्हती.

आबा पुढं पंच्याऐंशीपर्यंत जगले. शेवटची चार वर्षं रोज संध्याकाळी मी त्यांचे पाय चोळायचो. त्यांना आधी अंगणात आणून बसवायचो, ते गोठ्यातल्या म्हशीशी काहीतरी बोलायचे, शेजारच्या पोरांची चौकशी करायचे, मग स्वतःच पाय पुढं करायचे. वस्ताद त्यांच्या आधीच गेले. तालमीच्या जागेवर आता सिमेंटचा हॉल झालाय, त्यात लोखंडी वजनं आहेत, आरसे आहेत. पोरं मेहनत चांगली करतात, मला बोलावतात, मी जातो. संध्याकाळी कुणी ट्रॅक्टरवाला, कुणी ऊसतोडीचा मुकादम कंबर धरून ओट्यावर येऊन बसतो. वस्तादांची पितळी वाटी माझ्याकडं आहे. मी ती गरम पाण्यात ठेवतो, तांब्याभर पाणी त्याच्यापुढं सरकवतो आणि विचारतो, आज काय काम केलंस? कधी कधी त्याचं बोलणं एवढं लांबतं की वाटीतलं तेल गार होतं. मग ती परत तापवायची. पाण्याला काय, चूल पेटलेलीच असते.